दरवर्षी नवा येणारा फुटबॉलचा गेम



गणपतीला चाकरमानी गावी आले की रात्रीची आरती आटोपते, मोठी माणसं पत्त्यांना बसतात आणि पोरं एका लॅपटॉपभोवती गोळा होतात. लॅपटॉप बहुतेक मुंबईच्या भाच्याचा नाहीतर पुतण्याचा, आणि पडद्यावर फुटबॉल. आपल्या महाड-पोलादपुरात मैदानावर कबड्डी आणि क्रिकेट. फुटबॉलची ओळख बऱ्याच मुलांना अशी पडद्यावरच होते. विसर्जन होतं, मुंबईकर परत जातात आणि मग घरातला मुलगा मागे लागतो, "आई, या महिन्याअखेर नवीन गेम येतोय."

पोलादपूरच्या एका ताईंनी आम्हाला विचारलं, "मागच्या वर्षी पण हाच गेम नवीन आला म्हणून घेतला. साडेतीन हजार गेले. मग यंदाचा नवीन म्हणजे त्यात नवीन काय?" प्रश्न ऐकून आम्ही एकमेकींकडे बघितलं. आमच्यापैकी एकीलाही त्यातलं काही ठाऊक नव्हतं. घरातल्या मुलांना विचारलं, वाचून काढलं, आणि जे समजलं ते आज सांगतो.

मुलं ज्याला आजही 'फिफा' म्हणतात तो गेम इलेक्ट्रॉनिक आर्ट्स नावाची अमेरिकन कंपनी काढते. पहिला गेम डिसेंबर १९९३ मध्ये आला, कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळच्या स्टुडिओतून. तेव्हापासून दरवर्षी एक. फिफा ही जागतिक फुटबॉल संघटना. तिच्याशी असलेला नावाचा करार संपला, म्हणून 'फिफा २३' हा त्या नावाचा शेवटचा गेम ठरला आणि २९ सप्टेंबर २०२३ ला 'ईए स्पोर्ट्स एफसी २४' आला. गेम तोच, पाटी बदलली. आज त्याचं काम कॅनडात आणि रोमानियात चालतं. कंपनीचं मोठं केंद्र आपल्या हैदराबादलाही आहे.

आता ताईंचा प्रश्न. त्यासाठी लांब जायला नको, पेणला जाऊ. पेणच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती दरवर्षी नवी असते, पण साचा दरवर्षी नवा नसतो. चांगला साचा बरीच वर्षं चालतो. नवं असतं ते रंगकाम, दागिने, शेला, डोळ्यांची आखणी. एखाद्या वर्षी नवा साचा करतात, तेव्हा खर्च आणि वेळ दोन्ही जास्त लागतं. आणि चतुर्थी काही कोणासाठी थांबत नाही.

गेमचं तसंच आहे. चेंडू कसा उसळेल, खेळाडू कसा वळेल, धक्का लागला तर कसा पडेल, हे ठरवणारा जो मूळ प्रोग्रॅम असतो त्याला 'इंजिन' म्हणतात. तो साचा. तो काही वर्षांतून एकदा बदलतो. २०१६ साली 'फिफा १७' मध्ये तो पूर्ण बदलला होता. त्यावरचं रंगकाम मात्र दरवर्षी. कोणता खेळाडू कोणत्या क्लबात गेला, कोणी केस कापले, कोणाच्या जर्सीवर कोणती जाहिरात आली, कोणता नवा पोरगा अठराव्या वर्षी चमकला, हे सगळं नव्याने भरायचं. युरोपात फुटबॉलचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि त्याआधीच्या उन्हाळ्यात खेळाडूंची खरेदी-विक्री चालते. म्हणून गेम सप्टेंबरच्या शेवटी. उशीर झाला तर हंगाम पुढे निघून जातो आणि गेम शिळा होतो.

वर्षाला एकदा बाहेर पडणारी वस्तू वर्षभरात तयार होत नाही, हेही लक्षात घ्या. यंदाचा गेम दुकानात येतो तेव्हा पुढच्या वर्षीचं काम आधीच सुरू झालेलं असतं, आणि यंदाच्या गेममधल्या चुका दुरुस्त करणारी माणसं वेगळीच बसलेली असतात. त्या दुरुस्त्या मग वर्षभर इंटरनेटवरून येत राहतात.

रंगकाम म्हटलं म्हणून ते सोपं समजू नका. 'एफसी २४' मध्ये १९,००० हून जास्त खेळाडू आणि ७०० हून जास्त संघ होते. प्रत्येक खेळाडूला तिसाहून जास्त गुणांत मार्क द्यायचे, ९९ पैकी. धाव, पास, डोक्याने मारलेला चेंडू, दम, सगळ्याचे वेगळे. हे मार्क कंपनीचे लोक ऑफिसात बसून देत नाहीत. जगभरात हजारो माणसं, प्रशिक्षक, नवे खेळाडू हेरणारे, हंगामाचं तिकीट काढून प्रत्येक सामना बघणारे प्रेक्षक, आपापल्या भागातल्या संघांची माहिती कळवतात आणि कंपनीची टोळी ती तपासते. आपल्या इंडियन सुपर लीगचे संघ 'फिफा २२' मध्ये आले. मुंबई सिटीचा खेळाडू किती वेगात धावतो हेही मग कोणीतरी बघून, लिहून, तपासून भरलेलं असतं. इतकं हे हाताचं काम आहे.

मग दरवर्षी पूर्ण पैसे द्यावेत एवढं नवीन त्यात असतं का? याचं उत्तर कंपन्यांनीच कधीकधी देऊन टाकलंय. जपानची कोनामी कंपनी असाच फुटबॉलचा गेम काढायची. २०२० साली त्यांनी सरळ सांगितलं की यंदा गेम मागचाच, फक्त संघ आणि जर्सी ताज्या करून देतो, आणि किंमतही कमी ठेवली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने निन्टेंडो स्विच या छोट्या यंत्रासाठी 'लेगसी एडिशन' म्हणून लागोपाठ चार वर्षं जवळपास तोच गेम विकला. त्यावर आयजीएन या गेमची परीक्षणं छापणाऱ्या संस्थेने एका वर्षी मागच्याच वर्षीचं परीक्षण पुन्हा छापलं, गुणही तेच, १० पैकी २. आम्हाला हे वाचून हसू आवरेना.

आपल्याकडचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. याच कंपनीचा 'क्रिकेट ०७' हा गेम २००६ च्या शेवटी आला आणि त्यानंतर कंपनीने संगणकासाठी क्रिकेटचा गेम काढलाच नाही. पण भारतातल्या पोरांनी तो सोडला नाही. कोणी नवी जर्सी काढली, कोणी नव्या खेळाडूंची नावं घातली, कोणी आयपीएलचे संघ बसवले. वर्षानुवर्षं त्यांनी तो गेम स्वतःच ताजा ठेवला, एक पैसा न घेता. अशा घरगुती बदलांना मुलं 'मॉड' म्हणतात. साचा एक असेल तर रंगकाम वेगळं करता येतं, हे त्या मुलांनी दाखवून दिलं.

आता संगणकावर खेळणाऱ्यांची गोष्ट, कारण आपल्या घरात प्लेस्टेशन नसतो, लॅपटॉप असतो. तोही बहुतेक लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून, कर्ज काढून घेतलेला. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स म्हणजे कंपनीने एकाच मापाचे लाखो डबे केलेले. गेम बनवणाऱ्याला माप माहीत असतं, त्या मापाचा ब्लाउज शिवायचा. संगणकाचं तसं नाही. एकाचा दहा वर्षांपूर्वीचा, एकाचा कालचा, एकात ग्राफिक्स कार्ड आहे, एकात नाही. सगळ्या गावाला एकाच कापात बसेल असा ब्लाउज शिवायचा म्हटलं तर शिवणारी काय करेल? सैल शिवेल.

तसंच झालं. 'फिफा २२' साठी कंपनीने २२ खऱ्या खेळाडूंना अंगभर सेन्सरचे पोशाख घालून खरा पूर्ण सामना खेळवला. प्रत्येकाची हालचाल संगणकात उतरवली आणि त्यावरून गेममधले खेळाडू हलायला शिकले. जाहिरात सगळी याचीच होती. पण ही सुधारणा नव्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सला मिळाली, संगणकावरच्या गेमला नाही. कंपनी म्हणाली, संगणकासाठी दिली तर त्याला लागणारी ताकद वाढवावी लागेल आणि जुने संगणक असलेले बरेच खेळाडू बाहेर पडतील. कारण पटण्यासारखं आहे. पण गेमचं नाव तेच आणि आत माल जुना, हे विकत घेणाऱ्या पोराला कळायला हवं होतं. २०१३ मध्येही असंच झालं होतं. 'फिफा १४' चं नवं इंजिन संगणकाला एक वर्ष उशिरा मिळालं. 'फिफा २२' मधली ती हालचालही संगणकावर आली ती पुढच्या वर्षी, 'फिफा २३' मध्ये.

म्हणून मुलाला आधी हे विचारा की जाहिरातीत दाखवतात ते संगणकावरच्या गेममध्ये आहे का. जाहिरातीच्या शेवटी बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं.

दुसरं विचारायचं ते आपल्या लॅपटॉपला पेलेल का. 'एफसी २४' ला निदान ८ जीबी रॅम, ४ जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि १०० जीबी मोकळी जागा लागते. अभ्यासासाठी घेतलेल्या साध्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. मग चित्र अडकत चालतं, लॅपटॉप तव्यासारखा तापतो आणि पोरगं म्हणतं नवा लॅपटॉप हवा. साडेतीन हजारांची गोष्ट साठ हजारांवर जाते ती अशी.

आणि ते १०० जीबी आणायचे कुठून? महाड शहरात, बिरवाडीत वायफाय असेल तर ठीक. पण पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत मोबाइलचंच नेट, रोजचा दीड जीबी. हिशेब करा, रोजचा सगळा दीड जीबी नुसता गेमवर घालवला तरी दोन महिन्यांहून जास्त लागतात. वर पावसात लाइट जाते ती वेगळीच. म्हणून मुलं कोणाकडून तरी पेन ड्राइव्हवर 'क्रॅक' केलेला गेम आणतात. त्यात व्हायरस लपवणं फार सोपं असतं, आणि त्याच लॅपटॉपवर तुमचं बँकेचं, कॉलेजच्या फीचं काम चालतं. एवढं मात्र त्यांना ठणकावून सांगाच.

पण खरी पैशाची गळती गेम घेताना होत नाही, नंतर होते. हे ऐकून आम्ही सगळ्याच सावध झालो. गेममध्ये 'अल्टिमेट टीम' नावाचा भाग आहे. त्यात आपला संघ जमवायला खेळाडूंची कार्डं लागतात आणि ती बंद पाकिटात मिळतात. पाकिटात कोण निघेल ते फोडल्यावर कळतं. खेळून खेळून पाकिटं मिळवता येतात, नाहीतर पैसे देऊन घेता येतात. आपण जत्रेत चिठ्ठी काढायचो ना, दहा चिठ्ठ्या फोडल्या की नऊ कोऱ्या? तेच. बेल्जियम सरकारने २०१८ मध्ये याला जुगार ठरवलं आणि जानेवारी २०१९ पासून कंपनीने त्या देशात पाकिटांसाठी पैसे घेणं बंद केलं. इतर बहुतेक ठिकाणी ते चालू आहे. एप्रिल २०२० ते मार्च २०२१ या वर्षात कंपनीला तिच्या खेळांमधल्या अशा भागांतून १६२ कोटी डॉलर मिळाले, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या २९ टक्के.

आणि इथे 'दरवर्षी' या शब्दाचा खरा अर्थ लागतो. पुढच्या वर्षी नवा गेम आला की त्यात ही कार्डं येत नाहीत. वर्षभर जमवलेला संघ मागे राहतो, पुन्हा शून्यापासून पाकिटं. मुलाच्या हातात आपला फोन असतो आणि यूपीआयचा पिन त्याला पाठ असतो. पिन आजच बदला. त्याला ओरडून नव्हे, सांगून बदला.

आता थोडं वेगळं, आपल्या मुलींसाठी. बावीस वर्षं या गेममध्ये एकही बाई नव्हती. २०१५ साली 'फिफा १६' मध्ये पहिल्यांदा १२ देशांचे महिला संघ आले. त्यासाठी खेळाडू बायकांच्या हालचाली वेगळ्या टिपाव्या लागल्या. पुरुषाच्या सांगाड्यावर बाईचा चेहरा चिकटवून भागत नव्हतं, धावणं वेगळं, वळणं वेगळं, केस हलणं वेगळं. तेव्हा बऱ्याच मुलांनी कुरकुर केली होती. 'फिफा २३' च्या एका आवृत्तीच्या वेष्टनावर ऑस्ट्रेलियाची सॅम कर आली, आणि 'एफसी २४' मध्ये तर बाया आणि पुरुष एकाच संघात खेळवता येऊ लागले. आमच्यातल्या एकीच्या घरी आता मुलगी आणि मुलगा दोघं भांडतात, आणि तिच्या संघात पुढे बाई असते. ते बघायला मजा येते, हे कबूल करतो.

हे सगळं बनवणाऱ्या माणसांचं काय? तारीख हलत नसेल तर माणसाचे तास वाढतात. पेणला चतुर्थीआधी पंधरा दिवस कारखान्यात रात्रभर दिवे असतात. एमआयडीसीतल्या 'शटडाऊन'चे ओव्हरटाइमही आपल्या घरांना माहीत आहेत. गेमच्या धंद्यात याला 'क्रंच' म्हणतात. नोव्हेंबर २००४ मध्ये याच कंपनीत काम करणाऱ्या एकाच्या जोडीदारीणीने नाव न देता इंटरनेटवर एक लांब पत्र लिहिलं. सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस, एखाद्या शनिवारची संध्याकाळ सुटली तर सुटली, आणि जादा तासांचे पैसे नाहीत. ते काम फुटबॉलच्या गेमचं नव्हतं, दुसऱ्या गेमचं होतं, पण दुखणं सगळ्यांचं होतं. पुढे कोर्टकज्जे झाले. कंपनीने चित्रकारांना १ कोटी ५६ लाख डॉलर आणि नंतर प्रोग्रॅमरना १ कोटी ४९ लाख डॉलर देऊन तडजोड केली, आणि काही कामगारांना ओव्हरटाइम मिळू लागला. पत्र लिहिणारी एरिन हॉफमन होती हे दीड-दोन वर्षांनी कळलं. घरी वाट बघत बसणाऱ्या बाईने ते लिहिलं, कामावरच्या माणसाने नाही, हे आम्हाला फार मोलाचं वाटलं.

तारीख न पाळण्याचं धाडसही कोणी करतं का? करतं, पण महागात पडतं. इंग्लंडचा 'फुटबॉल मॅनेजर' हा संगणकावरचाच गेम. त्यात चेंडू मारायचा नसतो, संघ चालवायचा असतो. तोही दरवर्षी येतो. २०२५ च्या गेमसाठी त्यांनी साचाच बदलायला घेतला, काम जमेना, तारीख दोनदा पुढे गेली, आणि ६ फेब्रुवारी २०२५ ला त्यांनी जाहीर केलं की यंदा गेम येणारच नाही. आधी पैसे भरलेल्यांना ते परत मिळाले. पुढचा गेम नोव्हेंबर २०२५ मध्ये आला, आणि त्यात पहिल्यांदा महिलांचं फुटबॉलही होतं.

आपल्या जवळ म्हणाल तर पुण्यात यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे. 'जस्ट डान्स' हा नाचाचा गेम दरवर्षी येतो, त्याच्या कामात पुण्याची टोळी बरीच वर्षं आहे. याच पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंना 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा जुना गाजलेला गेम नव्याने करायचं मोठं काम मिळालं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची झलक दाखवली, लोकांनी चित्रांना नावं ठेवली, तारीख पुढे पुढे गेली आणि मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियलकडे गेलं. वाईट वाटलं वाचून. पण त्यातून एक समजलं की दरवर्षीच्या गेममध्ये साचा हाताशी असतो म्हणून तारीख पाळता येते, आणि साचाच नवा असेल तिथे अनुभवी टोळीचीही दमछाक होते.

मुलगा किंवा मुलगी म्हणाली की मला हेच काम करायचंय, तर हसण्यावारी नेऊ नका. यात प्रोग्रॅमर लागतात, चित्रकार लागतात, हालचाल काढणारे लागतात, आणि गेम शेकडो वेळा खेळून चूक शोधून नीट लिहून देणारे तपासनीसही लागतात. तपासनीसाचं काम म्हणजे खेळत बसणं नव्हे. एकाच कोपऱ्यातून एकच चेंडू दिवसभर मारायचा आणि कितव्या वेळी गोलकीपर जागेवर गोठला ते नोंदवायचं. नोकरी पक्कीही नसते. २०२४ च्या फेब्रुवारीत इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने सुमारे ६७० माणसं कमी केली. पण जे पोर घरी बसून जुन्या गेमला नवी जर्सी चढवतंय, ते नुसतं खेळत नाहीये, काहीतरी शिकतंय. त्याला तो लॅपटॉप वापरू द्या.

पोलादपूरच्या ताईंचं काय झालं ते सांगतो. मुलाला समोर बसवून त्यांनी विचारलं, यंदा साचा बदललाय की रंग? मुलगा आधी गडबडला, मग स्वतःच शोधून आला. म्हणाला, "रंगच, पण थोडा साचा पण." ठरलं असं की नवा गेम लगेच घ्यायचा नाही, काही महिन्यांनी किंमत उतरते तेव्हा बघू, तोवर मागचाच खेळायचा, आणि पाकिटांना एक रुपया नाही. नवे संघ कुठे बदललेत ते तो मागच्या गेममध्ये हाताने बदलतोय. परवा ताई म्हणाल्या, जेवायला हाक मारली तर म्हणाला, "थांब, अजून तीन क्लब राहिलेत."